पैठणीचा पदर उलटून पाहा

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर या दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांची नोंद आहे. तलम कापडाचे श्रेय मात्र त्यात तेरला दिले आहे. बीड-धाराशिव रस्त्यावरचे चौसाळा या दोन गावांच्या मधल्या टापूत येते. या भागात आज लग्नाचा बस्ता पैठणीशिवाय पुरा झाल्यासारखा वाटत नाही. ‘होम मिनिस्टर’सारख्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने ती हौस वाडीवस्तीपर्यंत नेली. पण बस्त्यातली पैठणी बहुतेक वेळा यंत्रमागावरची ‘सेमी’ असते. या कलेला आज गिऱ्हाईक कमी नाही; पारख कमी झाली आहे.

पारख अवघड नाही. पदर उलटा करा. हातमागावर पदरातल्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. विणकर ती बोटांनी ताण्याच्या धाग्यांतून फिरवतो आणि रंग बदलतो तिथे दोन बाणे एकमेकांत अडकवतो. त्यामुळे मोर उलट बाजूनेही जवळपास तसाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेली टोके खरखरतात. हातमागावरच्या साध्या पदराला महिनाभर लागतो, भरगच्च कामाला सहा महिने किंवा वर्षही जाते. किमतीतला फरक हा या वेळेचा आहे.

ही वेळ आजवर घरांनी पेलली. सतराव्या शतकात येवल्याचे संस्थापक रघोजी नाईक यांनी पैठणचे विणकर येवल्यात वसवले, असे मानले जाते. तिथे साळी, कोष्टी, खत्री अशा घरांत कांड्या भरण्यापासून पदर उतरवण्यापर्यंत सगळे घर कामाला लागे. पुढे काही घरांनी रेशीम विकत घेणे, रंगवणे, विणणे आणि गिऱ्हाइकाला विकणे या चारही गोष्टी स्वतःच्या हातात घेतल्या. माझ्या मते येवला टिकले ते यामुळे. जिथे व्यापारी सूत देतो आणि विणकर मजुरीवर विणतो, तिथे हात तितकाच कसबी असला तरी साडीवर कोणाचे नाव राहत नाही आणि नफाही घरात येत नाही. पैठणमध्ये 1974 साली महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने केंद्र काढून विझत आलेली कला सावरली. ते मोठेच काम झाले. पण केंद्रात शिकलेला कारागीर स्वतःचा माग लावून, स्वतःच्या घराण्याच्या नावावर विकू लागला पाहिजे.

मराठवाड्याचे आणखी एक दुखणे मला फार टोचते. बीड जिल्ह्यात तुतीची लागवड जोरात आहे आणि रेशीम कोषांच्या उत्पादनात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. जालन्यात 2018 पासून कोषांची बाजारपेठ आहे. तरी कोषातून धागा काढणाऱ्या सोयी मोजक्याच. आपला कोष कर्नाटकात रामनगरच्या वाटेला लागतो आणि पैठण-येवल्याचा विणकर बंगळूरहून रेशीम आणतो! तुतीचे शेत आणि माग यांमधले हे अंतर मिटले, तर पैठणी पुन्हा या मातीतली होईल.

आता कलेच्या घसरणीबद्दल. जुन्या पैठणीत अंग मोकळे असे. मोजक्या बुट्ट्या, नारळी काठ आणि सगळा जीव पदरात. असावली, बांगडी मोर ही नक्षी मोकळ्या जागेमुळे उठून दिसे. दोन वेगळ्या रंगांच्या ताण्याबाण्यातून येणारी धूपछाँव झळाळी हीच तिची खरी श्रीमंती होती. आज ‘महाराणी’, ‘डबल पल्लू’ अशा नावांखाली अंगभर मोर दाटले आहेत. काम वाढले, डौल गेला. पूर्वी जरीची तार सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची असे; आता बहुतेक ठिकाणी टेस्टेड म्हणजे स्वस्त पर्यायी जर असते, आणि विकताना ते सांगितले जात नाही. अस्सल कारागिरी करणाऱ्या घरांनी तरी हे बिलावर लिहून द्यावे.

पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सिल्क मार्कही दिसतो, पण तो फक्त रेशमाची हमी देतो. साडी हातमागावर विणली की यंत्रावर, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क पाहावा लागतो. म्हणून बस्ता बांधायला बीडला किंवा येवल्याला जाल तेव्हा दुकानदाराकडे तीन गोष्टी मागा: उलटा पदर पाहू द्या, हँडलूम मार्क दाखवा आणि ही साडी कोणी विणली ते नाव सांगा.