सोस्यूरचा पट : एका उपमेची तपासणी

फेर्दिनां द सोस्यूर यांची भाषाशास्त्रावरील व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून ग्रंथरूपाने सिद्ध झाली. त्या ग्रंथातील बुद्धिबळाची उपमा विशेष गाजली. मोहऱ्याचे मूल्य त्याच्या लाकडात वा हस्तिदंतात नसून इतर मोहऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधात असते. घोडा हरवला तर त्याच्या जागी कोणतीही वस्तू मांडून तिला घोडा मानावे, डाव अडत नाही. इतका भाग निर्विवाद आहे. (खेळ इराणातून युरोपात गेला, ही गोष्ट सोस्यूर बाह्य इतिहासात टाकतात. इराणच्याही अलीकडे आपल्या बाजूला त्याचे एक घर होते, हे ते सांगत नाहीत; पण त्याबद्दल येथे तक्रार नाही.)

आक्षेप आहे तो पुढील विधानाला. पटावरील कोणतीही स्थिती तिच्या आधीच्या खेळ्यांपासून सर्वस्वी मुक्त असते, आरंभापासून डाव पाहणाऱ्याला ऐन वेळी डोकावणाऱ्याहून काहीही अधिक कळत नाही, असे ते म्हणतात. एककालिक आणि ऐतिहासिक अभ्यासांमधली भिंत याच विधानाच्या आधाराने उभी केली जाते. आपल्या वर्गांतूनही उपमा पुराव्यासारखी सांगितली जाते. मग ‘वर्णन करताना इतिहास बाजूला ठेवावा’ हा पद्धतीपुरता संकेत भाषेच्या स्वरूपाविषयीचा सिद्धान्त होऊन बसतो. निदान बुद्धिबळाच्या बाबतीत तरी हे विधान खरे आहे काय, हे पाहावयास हवे.

ते खरे नाही. राजा व हत्ती आपापल्या मूळ घरी आहेत, मधली घरे मोकळी आहेत, शह नाही. तरीही राजा किंवा तो हत्ती पूर्वी एकदा हलून परतला असेल तर किल्लेकोट करता येत नाही. दोन घरे सरकून शेजारी आलेले प्यादे जाता जाता मारण्याचा हक्क तर लगतच्या एकाच खेळीपुरता टिकतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर डाव बरोबरीत सोडविण्याची मागणी करता येते. आपल्या देशी खेळात किल्लेकोट नव्हता. राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे, तीही त्याला तोवर शह बसला नसेल तरच. म्हणजे राजाला बसलेला शह निघून गेल्यावरही नियमाच्या दृष्टीने शिल्लक राहत असे. दारातून डोकावणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही. आज संगणकाला एखादी स्थिती कळवावयाची तर मोहऱ्यांच्या मांडणीबरोबर किल्लेकोटाचे उरलेले हक्क वेगळे नोंदवावे लागतात, ते याच कारणाने.

सोस्यूरचा अनुयायी म्हणेल की हे हक्क स्थितीतच धरा, म्हणजे प्रश्न मिटला. धरू या. पण मग स्थिती म्हणजे समोर दिसणारी मांडणी राहत नाही. गतकाळाचा काही अंश हक्काच्या रूपाने तिच्यात बसलेला असतो. भाषेत हेच घडते. ‘शरीर’ आणि ‘उंदीर’ यांचा शेवट एकच आहे, पण सामान्यरूप होताना ‘शरीराला’ आणि ‘उंदराला’. ‘मयूराला’ म्हणणारा मनुष्य ‘माणसाला’ म्हणतो. हा भेद केवळ लेखनातला नाही, कानाला स्पष्ट ऐकू येतो. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आपला स्वर राखतो, घरात झिजून तयार झालेला गमावतो. बोलणाऱ्याला व्युत्पत्ती ठाऊक नसते, हे खरे. कोणत्या शब्दाला कोणता हक्क उरला आहे एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असते, आणि खेळाडूलाही तेवढेच लागते. परंतु वर्णनकाराने हे दोन वर्ग नुसते याद्या करून मांडले, तर नियम त्याच्या हाती लागला असे म्हणवत नाही.

खेळाडूच्या मनाकडे पाहिले तर उपमा आणखी सैल पडते. डच मानसशास्त्रज्ञ द ग्रोट यांनी १९४६ च्या आपल्या प्रबंधात दाखविले की, प्रत्यक्ष डावातली स्थिती काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती जवळजवळ संपूर्ण पुन्हा मांडू शकतो. नवख्याला हे साधत नाही. पुढे १९७३ साली चेस व सायमन यांनी मोहरी वाटेल तशी विखरून मांडली, तेव्हा निष्णाताचे हे श्रेष्ठत्व बहुतांशी लोपले. त्याच्या स्मरणशक्तीत असाधारण असे काही नव्हते. शक्य अशा डावांतून निपजणाऱ्या मांडणीचे आकार तो ओळखत होता. प्याद्यांची रचना पाहून डावाचा आरंभ कसा झाला असावा याचाही त्याला पुष्कळदा अंदाज येतो. मागून येऊन डोकावणारा प्रेक्षक निष्णात असेल तर त्याला पुष्कळ दिसते, हे सोस्यूरचे म्हणणे इतपत बरोबर. पण ते दिसते याचे कारण असंख्य जुने डाव त्याच्या नजरेत मुरलेले असतात.

उपमेची एकच बाजू लंगडी आहे, अशी कबुली सोस्यूर देतात : खेळाडू हेतुपूर्वक चाल करतो, भाषा तसे करीत नाही. ही कबुली प्रामाणिक आहे, पण तिने वाचकाचे लक्ष भलतीकडे गेले. हेतूचा प्रश्न चर्चिला गेला आणि स्मृतीचा तसाच राहिला.

पटावरच्याच एका मोहऱ्याचे नाव घ्या. ‘वजीर’ अरबी-फारसीतून आला. त्याचे ‘वजिराला’ होते. ‘उंदराला’प्रमाणे त्याचा स्वर गळत नाही, ‘शरीराला’प्रमाणे लेखनात दीर्घही राहत नाही. ‘फकीर’, ‘अमीर’ यांची गत हीच. या तिसऱ्या वर्गाचे वर्णन कालनिरपेक्ष परिभाषेत कसे करावयाचे, हे एककालिक पद्धतीच्या अभ्यासकांनी सांगावे.