हिशेब कोणी शिकायचा?

शेतकऱ्यांना आर्थिक व्यवस्थापन शिकवण्याचे वर्ग आता गावोगावी होतात. बँका घेतात, नाबार्डच्या मदतीनं होतात, संस्थाही घेतात. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. वर्ग किती झाले हे मी मोजणार नाही. त्यांच्या मुळाशी काय गृहीत धरलंय, तेवढंच तपासतो.

आधी जमेची बाजू. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्के व्याजानं मिळतं. मुदतीत फेडलं तर केंद्राची आणखी ३ टक्के सवलत मिळते. म्हणजे लाखामागे वर्षाला ३,००० रुपये निव्वळ तारीख पाळल्याचे. हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, त्याचं नुकसान खरं आहे. तेव्हा हे शिकवलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीवर. शेतकरी कर्जात आहे, कारण त्याला नियोजन येत नाही, असं हे वर्ग न बोलता सांगतात. ॲरिस्टॉटलनं एक साधी गोष्ट दाखवून दिली आहे: माणूस खल करतो तो स्वतःच्या हातातल्या गोष्टींचा. जे आपल्या हाती नाही, त्याचं नियोजन होत नाही. आता २०२३ सालचा कांदा बघा. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. नाशिककडच्या एखाद्यानं रोप, खत, मजुरी यांचा पै-पैचा हिशेब ठेवला असेल हो! पण हे दोन निर्णय त्यानं वहीच्या कुठल्या रकान्यात मांडायचे होते? खर्चाची बाजू त्याच्या हातात, भावाची दुसऱ्याच्या. आणि शिकवणी मात्र त्यालाच.

दुसरा मुद्दा रकान्यांचाच आहे. या वर्गांतल्या ज्या वह्या मी पाहिल्या, त्यांत बियाणं आहे, औषध आहे, मजुरी आहे. घरच्या माणसांचे कष्ट नाहीत. बाईनं महिनाभर निंदणी केली, ती फुकट. कृषी मूल्य आयोग मात्र हे मोजतो. रोखीचा व वस्तुरूप खर्च म्हणजे 'ए-टू', त्यात घरच्या श्रमाचं मोल धरलं की 'ए-टू अधिक एफएल', आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचं व्याजही धरलं की 'सी-टू'. हमीभाव दीडपट म्हणतात तो 'ए-टू अधिक एफएल'च्या, 'सी-टू'च्या नाही. हा फरक शेतकऱ्याला शिकवा ना! पण तो शिकवला, तर विद्यार्थी बचत करून गप्प बसणार नाही, प्रश्न विचारील. शिक्षण आणि वळण लावणं यांतला भेद इथे आहे.

इतिहासही थोडा आठवू. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात दंगे सुरू झाले, तेव्हा रयतेनं सावकाराकडचे करारनामे आणि कर्जरोखे शोधून जाळले. ज्यांना अडाणी म्हटलं गेलं, त्यांना आपली मान कुठल्या कागदात अडकली आहे हे नेमकं कळत होतं. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात त्रुटी होत्या, पण एक गोष्ट बरोबर होती. सावकारानं पावती द्यावी, खात्याचा उतारा द्यावा असं त्यानं सांगितलं, आणि रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला. म्हणजे परकीय सरकारनंसुद्धा हिशेबाची जबाबदारी निदान काही प्रमाणात देणेकऱ्यावरून घेणेकऱ्यावर टाकली होती.

आज आपण ती पुन्हा एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवतोय, आणि त्याला सक्षमीकरण म्हणतोय. माझं म्हणणं एवढंच, की वर्ग जरूर घ्या. पण पहिल्या बाकावर बँकेचा शाखाधिकारी, विमा कंपनीचा माणूस आणि निर्यातीचे हुकूम काढणारा अधिकारी बसवा. भाव पाडणाऱ्या निर्णयाची किंमत एकरी किती, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवावं. मग शेतकऱ्याची वही तपासायला घेऊ.