मीमांसक काव्यातील प्रेम व विरह यांची प्रतीके
सतराव्या शतकातील ज्या इंग्रज कवींना ‘मेटॅफिजिकल’ म्हणजे मीमांसक कवी म्हटले जाते, त्यांच्या प्रेमकाव्यातील भूमिती, किमया, भूगोल इ. विद्यांतून घेतलेली प्रतिमासृष्टी. जॉन डन (१५७२–१६३१) हा या कवींचा अग्रणी. पीत्रार्कच्या परंपरेतील उसासे व अश्रूंचे पूर हे संकेत त्याने टाळले किंवा बुद्धीच्या कसोटीवर घासून नव्याने वापरले.

त्याच्या मृत्यूनंतर १६३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील ‘अ व्हॅलिडिक्शन : फॉरबिडिंग मोर्निंग’ या कवितेत निरोप घेणारा प्रियकर दोन प्रतीके योजतो : ठोकून पसरविलेला सोन्याचा वर्ख आणि कर्कटक. विरह म्हणजे ताटातूट नव्हे, विस्तार होय, असे पहिले प्रतीक सुचविते. परंतु सोने पसरते ते पातळ होऊनच, ही जाणीवही त्यात दडलेली आहे. कर्कटकाचा स्थिर पाय प्रियेचा, फिरता प्रियकराचा. मात्र वर्तुळ पुरे करणारा पाय केंद्राशी परतत नाही. त्यासाठी कर्कटक मिटावेच लागते. डनने या दोन्ही क्रिया एकत्र आणल्या आहेत. तर्काची ही ओढाताण सदोष वाटली, तरी धीर देणाऱ्याच्या मनातील अस्वस्थता तीच प्रकट करते.

‘अ नॉक्टर्नल अपॉन सेंट ल्यूसीज डे’ या कवितेत असा दिलासा उरत नाही. तेथे प्रेम हीच किमया असून तिने प्रियकरापासून शून्याचा अर्क काढलेला आहे. ही कविता डनच्या पत्नीच्या मृत्यूवर (१६१७) आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. अँड्रू मार्व्हेल (१६२१–७८) याच्या ‘द डेफिनिशन ऑफ लव्ह’ मध्ये परिपूर्ण प्रेमे समांतर रेषांसारखी आहेत : अनंत, म्हणूनच कधीही न भेटणारी. डनची भूमिती मीलनाची हमी देते, तर मार्व्हेलची ते अशक्य ठरविते.

विजातीय कल्पना बळाने एकत्र जुंपल्याचा आक्षेप सॅम्युएल जॉन्सनने १७७९ मध्ये घेतला. विचार व भावना यांची एकात्मता हाच या काव्याचा गुण, असे टी. एस. एलियटने १९२१ मध्ये प्रतिपादिले. सर्वच मीमांसक कविता एलियटच्या कसोटीस उतरत नाहीत. काहींत चमत्कृतीच वरचढ ठरते. मात्र उपर्युक्त कवितांत युक्तिवाद हा भावनेचा अलंकार नसून दुःख सोसण्याचा मार्ग आहे आणि तो जेथे अपुरा पडतो, तेथेच विरहाची खोली प्रत्ययास येते.