भीमा-घोडकाठच्या पोयटा जमिनी : वर्गीकरणाचे एक परीक्षण

शिरूर व दौंड या तालुक्यांतील मृदांचे वर्णन करताना 'नदीकाठची गाळाची जमीन' या एकाच नावाखाली परस्परभिन्न प्रकार एकत्र घालण्याची प्रथा रूढ झाली आहे. भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या तीरांवरील पोयट्याची जमीन खोल, मध्यम पोताची, सुपीक व उत्तम निचऱ्याची असते, असे सामान्य विधान वारंवार आढळते. विधान असत्य नव्हे. तथापि त्यातील प्रत्येक विशेषण कोणत्या कसोटीवर ठरविले गेले, हे तपासू लागताच त्याचा पाया डळमळीत असल्याचे दिसून येते. भीमेच्या थडीवरून या प्रदेशाला 'भीमथडी' हे नाव पडले आणि येथील तट्टे त्या नावाने महाराष्ट्रभर प्रसिद्धीस आली. थडीवरच्या मातीला मात्र तितके नेमके नाव शास्त्राने अद्याप दिलेले नाही.

या भागातील मृदावर्गीकरणाचा आरंभ महसुली गरजेतून झाला. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी केलेली जमाबंदी १८३६ मध्ये अमलात आली. तिच्यातून पक्व झालेली पद्धती १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित आहे. त्या अहवालात रंग व पोत यांवरून जमिनीचे तीन वर्ग आणि खोलीवरून नऊ प्रती पाडल्या असून प्रतींची किंमत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत उतरत जाते. सर्वोच्च प्रतीसाठी पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, खोली पुरेशी मानली आहे. त्याखाली आणखी आठ हात पोयटा असो की मुरूम असो, आण्यांत फरक पडत नाही.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या पद्धतीतील दोषांची यादी. चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, कणांचा विस्कळीतपणा, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपून जाण्याचा संभव आणि उपळाचे पाणी हे ते दोष होत. प्रत्येक दोषामागे शेत एक प्रत खाली येते. नदीकाठच्या पोयट्यात वाळूचे मिश्रण असणारच, आणि पुराचे पाणी त्यावरून जाणारच. म्हणजे जी क्रिया ती जमीन घडविते तीच येथे दोष म्हणून मोजली गेली. एरव्ही सोळा आण्यांची ठरणारी जमीन या दोन दोषांपायी बारा आण्यांवर येते. शिवाय पाणी न मुरणे व उपळ लागणे हे दोष यादीत आहेत, परंतु चांगला निचरा हा गुण म्हणून कोठेही जमेस धरलेला नाही. याबद्दल विंगेटप्रभृतींना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. ती श्रेणी जिराईत शेतीची होती. पर्जन्यछायेतील या मुलखात जमीन ओल किती धरून ठेवते हाच कळीचा प्रश्न होता, आणि त्या दृष्टीने काळ्या जमिनीस मिळालेला मान रास्तच होता. दोष आहे तो ती श्रेणी बागायतीच्या युगातही मनात बाळगणाऱ्या नंतरच्या लेखनाचा.

बागायतीने प्रश्नच बदलला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९१० मध्ये हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिका प्रसिद्ध करावी लागली. एका पिढीच्या आत निचरा हा जमिनीच्या जीवनमरणाचा प्रश्न झाला होता. पुढे पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातील बसू व शिरूर यांनी १९३८ मध्ये दख्खनच्या कालवाक्षेत्रांतील मृदांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात प्रथमच मृदेचा संपूर्ण उभा छेद आधारभूत धरला गेला. ही प्रगती निःसंशय मोठी होय. परंतु त्यांचे क्षेत्र नीरा उजवा व प्रवरा कालव्यांखालचे. भीमा-घोडच्या तीरांवर त्यांचे प्रकार जसेच्या तसे लागू करणे म्हणजे अनुमान होय, निरीक्षण नव्हे.

मुख्य घोटाळा 'पूरमैदान' या संज्ञेतच आहे. गंगेच्या खोऱ्यात नदी पात्राबाहेर पसरते आणि नवा गाळ टाकते. दख्खनच्या पठारावरील नद्या बव्हंशी आपल्याच जुन्या गाळात खोल रुतून वाहतात. काळे व राजगुरू यांनी १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या गाळांचा जो कालानुक्रम मांडला, त्यावरून उंच दरडींतील पिवळसर तपकिरी, चुनखडीयुक्त पोयट्याचा मोठा भाग उत्तर प्लाइस्टोसीन काळातील असल्याचे स्पष्ट होते. घोडला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी बोरी येथे गाळात ज्वालामुखीय राखेचा थर सापडला आहे. त्याच्या वयाविषयी विद्वानांत तीव्र मतभेद झाले असले, तरी हा गाळ आजच्या नदीचे कार्य नव्हे हे त्यावरूनही सिद्ध होते. अशा दरडीवरील शेतास 'पूरमैदान' म्हणणे इतिहासदृष्ट्या चुकीचे होय. या जुन्या दरडीच्या आत, खालच्या पायरीवर, होलोसीन काळातील गाळ बसलेला असतो. त्याहूनही खाली पात्रालगत, शेतकरी ज्याला मळई म्हणतात तो अरुंद पट्टा येतो. खऱ्या अर्थाने पुराने पोसलेला तेवढाच.

आता निचऱ्याविषयी. तिन्ही पायऱ्यांवरील पोयट्याचा निचरा चांगला म्हणतात, पण तो मातीच्या कणांमुळे की जागेमुळे? उंच दरडीच्या काठावर भूजल नदीकडे झिरपून जाते, म्हणून वरची माती मोकळी राहते. तीच माती काठापासून दूर, सखल भागात असती तर तिची गती निराळी झाली असती. मळईत पोयट्याखाली अनेकदा वाळूचा थर येतो. वाळू म्हणजे निचरा, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः बारीक छिद्रांच्या थरातील पाणी जाड छिद्रांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. वरचा थर जवळजवळ संपृक्त झाल्यावरच ते खाली सुटते. त्यामुळे असा थरांचा पोयटा दिसतो त्यापेक्षा अधिक ओल धरतो. उन्हाळ्यात हे उपकारक ठरते, पण अतिसिंचित उसाखाली तेच अपायकारक. 'उत्तम निचरा' हा शब्द म्हणूनच मृदेचा गुणधर्म सांगत नाही. तो मृदा, तिच्याखालचे थर आणि नदीची पातळी यांमधील संबंध सांगतो. नदीची पातळी वाढली की तो संबंध तुटतो.

मापनाच्या पद्धतीही येथे निर्दोष नाहीत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पोयट्याच्या कणाची वरची मर्यादा ०.०२ मिलिमीटर, तर अमेरिकी पद्धतीत ०.०५ मिलिमीटर. या दोहोंमधील कण एका प्रयोगशाळेत बारीक वाळू ठरतात व दुसरीत पोयटा. काठावरच्या गाळात नेमके याच आकाराचे कण विपुल असावयाचे. त्यामुळे जुनी व नवी विश्लेषणे शेजारी मांडून मृदा 'बदलली' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पद्धती कोणती होती हे पाहणे अवश्य ठरते. नकाशांचीही तीच कथा. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या राज्यव्यापी नकाशाचे प्रमाण १:२,५०,००० असे आहे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर, म्हणजे शंभर मीटर रुंदीची मळई रेघेच्या जाडीतच लोपते. राज्याच्या नियोजनास तो नकाशा उपयुक्त असला, तरी एखाद्या गावाच्या शिवारातील निचऱ्याचा निर्णय त्यावरून करणे गैर होय.

या सूक्ष्म भेदांचे भान पूर्वीच्या वस्तीला होते, असे इनामगावच्या पुराव्यावरून म्हणावेसे वाटते. शिरूर तालुक्यात घोडच्या काठी असलेल्या या स्थळी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर व अन्सारी यांच्या अहवालात सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जीवन उलगडते. जव हे त्यांचे प्रमुख धान्य, आणि पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी पाट व बांध केल्याचे उत्खनकांचे प्रतिपादन आहे. इ. स. पू. १००० च्या सुमाराची अवनती त्यांनी वाढत्या शुष्कतेशी जोडली. हे स्पष्टीकरण ग्राह्य असले तरी त्यात एक बाजू उणी राहते. जव कोरडेपणा सोसतो तसाच क्षारही सोसतो. पाटाखालच्या शेतांची माती कोणत्या पायरीवरची होती आणि तिचा निचरा कसा होता, हा प्रश्न हवामानाच्या प्रश्नाइतकाच विचारात घेण्याजोगा आहे.

आजची परिस्थिती तर आणखी गुंतागुंतीची आहे. वरच्या अंगाला धरणे झाल्याने मळईला मिळणारा गाळ बव्हंशी जलाशयांतच अडतो. उलट १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंडच्या पूर्व टोकापर्यंत येतो आणि तेथे नदीची पातळी आता पावसाऐवजी धरणाच्या साठ्यावर अवलंबून असते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत उन्हाळी पिके निघतात. तीही वर्णनात 'गाळाची' म्हणूनच येते, परंतु तिचा गाळ संथ पाण्यात बसलेला, अधिक चिकण असतो, आणि वर्षातील कित्येक महिने तिच्यावर पाणी उभे असते.