आकृतीत नाश पावलेले केंद्रक

पॅरामेशियमच्या संयुग्मनाची आकृती प्राणिशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी एकदा तरी काढलेली असते. चपलेच्या तळव्यासारखे दोन जीव एकमेकांना चिकटलेले, प्रत्येकात एक मोठे आणि एक लहान केंद्रक, आणि मग बाणांची रांग. लघुकेंद्रकाचे अर्धसूत्री विभाजन होऊन चार केंद्रके होतात, तीन नाहीशी होतात, उरलेले एक पुन्हा दुभंगते. त्यातले एक शेजाऱ्याकडे जाते, शेजाऱ्याचे इकडे येते. बृहत्केंद्रकापुढे मात्र दोनच शब्द: 'नाश पावते'.

आकृती खोटी नाही. पण संयुग्मनातील सर्वांत विलक्षण गोष्ट ज्या केंद्रकाशी निगडित आहे, नेमके तेच ती सुरुवातीलाच निकालात काढते, ही माझी तक्रार आहे.

माणिकपूरमधल्या एका वर्गात हा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, देवाणघेवाण झाल्यावर दोघे अगदी सारखे झाले ना? मग ते पुन्हा एकमेकांशी जुळतील का?" तिला उत्तर मिळाले की हे अभ्यासक्रमात नाही. खरे तर या प्रश्नाने विसाव्या शतकातील एका मोठ्या जीवशास्त्रज्ञाला आयुष्यभर कामाला लावले होते.

अमेरिकेतील ट्रेसी सॉनेबॉर्न यांनी १९३७ साली दाखवले की पॅरामेशियम ऑरेलियातील कोणतेही दोन जीव जुळत नाहीत. त्यांत दोन प्रकार असतात आणि भिन्न प्रकारचे जीवच एकमेकांना चिकटतात. पहिल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'लिंग' हाच शब्द वापरला होता. पुढे तो मागे पडून 'जुळणी-प्रकार' रूढ झाला. हा बदल योग्यच होता. संयुग्मनात दोघेही देतात आणि दोघेही घेतात, अगदी सारखेच. जाणाऱ्या केंद्रकाला नर आणि थांबणाऱ्याला मादी म्हणण्याची पद्धत काही पुस्तकांत आहे, पण ही दोन्ही केंद्रके प्रत्येक जीवात असतात. तेव्हा जोडीतला एक नर व दुसरा मादी असे वहीत लिहून देणे सरळ चूक आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. शेजाऱ्याकडे पाठवलेले केंद्रक आणि स्वतःजवळ ठेवलेले केंद्रक एकाच केंद्रकाच्या दोन प्रती असतात. म्हणून देवाणघेवाणीनंतर दोन्ही जीवांच्या नव्या केंद्रकांतील जनुके तंतोतंत सारखी होतात. मेंडेलच्या हिशोबाने दोघांचा जुळणी-प्रकारही एकच व्हायला हवा. पण ऑरेलिया गटातील ज्या जातीला आज टेट्राऑरेलिया म्हणतात, तिच्यात तसे होत नाही. तिथल्या दोन प्रकारांना 'ओ' आणि 'ई' म्हणतात. 'ओ' जीवाची संतती 'ओ' राहते, 'ई' जीवाची 'ई'. जनुके सारखी, प्रकार वेगळे! मात्र सुटताना दोन पेशींमधला पूल काही काळ टिकून पेशीद्रव्य मिसळले, तर 'ओ' ची संतती 'ई' होऊ शकते. म्हणजे पेशीद्रव्यातून काही तरी जाते, आणि ते काय असावे हे जुने बृहत्केंद्रक ठरवते, इथपर्यंत सॉनेबॉर्न पोचले होते. ते 'काही तरी' काय, हे मात्र पुढे कित्येक दशके उलगडले नाही.

उलगडा झाला २०१४ साली, पॅरिसमधील एरिक मेयेर यांच्या गटाच्या निबंधात. त्याचे प्रथम लेखक दीपांकर प्रताप सिंह. तो समजून घ्यायला दोन केंद्रकांची कामे लक्षात ठेवावी लागतात. लघुकेंद्रक म्हणजे कपाटात जपलेले मूळ हस्तलिखित, बृहत्केंद्रक म्हणजे रोजच्या वापराची आवृत्ती. संयुग्मनानंतर ही आवृत्ती नव्याने तयार होते आणि तेव्हा हस्तलिखितातले हजारो तुकडे गाळले जातात. कोणते गाळायचे? लघुकेंद्रकातील डीएनएवरून आरएनएचे अगदी छोटे तुकडे तयार होतात आणि ते जुन्या बृहत्केंद्रकाशी ताडून पाहिले जातात. तिथे ज्यांना जोड सापडते ते अडकून पडतात. ज्यांना सापडत नाही ते नव्या केंद्रकात जाऊन तो भाग कापायला लावतात. थोडक्यात, जुन्या आवृत्तीत जे नव्हते ते नव्यातही नको. घुसखोर डीएनए आवरण्याची ही व्यवस्था आहे.

'ई' प्रकारासाठी एमटीए नावाचे जनुक चालू असावे लागते. त्याच्या सुरुवातीला सुमारे दोनशे अक्षरांचा एक तुकडा, म्हणजे जनुक चालू करणारी कळ, असतो. 'ओ' जीवाच्या जुन्या बृहत्केंद्रकात हा तुकडा नसतो, म्हणून नव्यातूनही तो कापला जातो, जनुक मुके राहते आणि संतती 'ओ' होते. 'ई' मध्ये तो असतो, म्हणून टिकतो. घुसखोरांविरुद्धची यंत्रणा इथे वेगळ्याच कामाला जुंपली गेली आहे.

तेव्हा त्या मुलीला उत्तर असे: होय, त्या दोघांची संतती पुन्हा एकमेकांशी जुळू शकते, कारण जुन्या बृहत्केंद्रकाने जाता जाता आपली खूण मागे ठेवलेली असते. शिवाय ते झटकन नाशही पावत नाही. त्याचे तुकडे होतात आणि नवे केंद्रक घडत असताना ते पेशीतच असतात.

दुसरे टोकही टाळावे. या शोधाला 'संपादित गुणांचा वारसा' म्हणून लामार्कला खांद्यावर घेण्याचे कारण नाही; परिस्थितीने शिकवलेला गुण इथे पुढे जात नाही. शिवाय सगळे पक्ष्माभिकाधारी जीव एकाच रीतीने वागत नाहीत. टेट्राहायमेना थर्मोफिलात सात जुळणी-प्रकार आहेत. २०१३ साली दिसून आले की तिथे लघुकेंद्रकात अपुऱ्या जनुक-जोड्यांची रांग असते आणि नव्या बृहत्केंद्रकात त्यांतली एकच जोडी पूर्ण होऊन उरते. कोणती, हे बहुतांशी सोडतीसारखे ठरते. आईबापांचा प्रकार तिथे विचारला जात नाही. आपल्या पुस्तकांतील आकृती तर बहुधा कॉडेटम जातीची असते, आणि टेट्राऑरेलियाचा नियम तिलाही जसाच्या तसा लावू नये.

शिक्षकांनी फार काही करायला नको. तळ्याच्या पाण्यात पेंढा कुजवून पॅरामेशियम वाढवता येते. अन्न संपत आले की कधी कधी जोड्या दिसतातही. फळ्यावर आकृती काढताना 'नाश पावते' ऐवजी 'तुकडे होतात, नवे केंद्रक घडेपर्यंत राहतात' एवढे लिहावे, आणि दोन जीवांना दोन वेगळ्या रंगांचे खडू वापरून ते रंग शेवटच्या चित्रापर्यंत तसेच ठेवावेत.