फॅट्स वॉलरच्या ध्वनिमुद्रिकांतील काकुवक्रोक्ती

फॅट्स वॉलर या नावाने विख्यात झालेला अमेरिकन पियानोवादक टॉमस राइट वॉलर (१९०४–१९४३) याच्याविषयी जॅझच्या समीक्षेत एक अभिप्राय रूढ आहे. वादक म्हणून त्याची योग्यता प्रथम श्रेणीची. परंतु सामान्य गाणी आणि त्यांहून सामान्य थट्टा यांत त्याने ती उधळून टाकली, असा तो अभिप्राय होय. या मतानुसार ‘हँडफुल ऑफ कीज’ (१९२९) सारख्या एकल वादनात खरा वॉलर भेटतो, आणि ‘फॅट्स वॉलर अँड हिज रिदम’ या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिकांत केवळ त्याच्यातील विदूषक. प्रस्तुत लेखात या विभागणीचाच फेरविचार करावयाचा आहे. तिच्या मुळाशी संगीतविषयक अभिरुचीइतकाच भाषेविषयीचा एक अपुरा समज आहे, असे मला वाटते.

प्रथम परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. या लहान वाद्यवृंदाचे पहिले ध्वनिमुद्रण १६ मे १९३४ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी झाले. पियानो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट अथवा सॅक्सोफोन, गिटार, बास व ड्रम अशी सहा जणांची ही मांडणी. हर्मन ऑट्री, जीन सेड्रिक व अल केसी हे तिच्यातील प्रमुख वादक. गाणी बव्हंशी न्यूयॉर्कच्या गीतप्रकाशकांच्या बाजारातील ताजा माल असत, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपावे लागे. शिवाय, हसणारा व हसविणारा कृष्णवर्णीय ही प्रतिमा अमेरिकन रंगभूमीने मिन्स्ट्रल खेळांच्या काळापासून रूढ केलेली होती. वॉलरचे हास्य या बाजारात विकले जात होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की त्या हास्याने तो नेमके काय करीत होता.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्या साहित्यशास्त्रातील एक जुना वाद उपयोगी पडतो. रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन भेद मानले: एक श्लेषाने साधणारी, दुसरी काकूने, म्हणजे उच्चारातील स्वरभेदाने साधणारी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त यास हरकत घेतली. काकू हा पठनाचा धर्म आहे. तो काव्याचा अलंकार कसा व्हावा, असा त्याचा आक्षेप. लिखित संहितेपुरता हा आक्षेप सबळ आहे. परंतु ध्वनिमुद्रिकेत पठन हीच संहिता होते. तेथे स्वराचा चढउतार, शब्दापूर्वीचा विराम, अक्षराचे लांबविणे हे सारे कायमचे नोंदले जाते, आणि कृतीपासून वेगळे काढता येत नाही. वॉलरच्या ध्वनिमुद्रिकांना गीताची छापील संहिता लावून पाहणे म्हणूनच चुकीचे ठरते.

‘इट्स अ सिन टु टेल अ लाय’ (१९३६) हे उदाहरण घेऊ. मूळ गीत प्रेमातील असत्याविषयी आहे, आणि हृदय मोडल्यास प्राण जाईल, असा त्यातील प्रियकराचा विलाप आहे. वॉलर या विलापाच्या मध्येच एक धमकी घालतो: हृदय मोडलेस तर मी तुझा जबडा मोडीन, आणि मग मरेन. विनोद जबड्यात नाही. तो क्रियापदात आहे. ‘मोडणे’ हे क्रियापद एकदा लाक्षणिक व लगेच वाच्य अर्थाने योजल्याबरोबर पहिल्या प्रयोगातील लक्षणा किती झिजलेली होती हे उघडे पडते. ही थट्टा गीताची समीक्षाच आहे, आणि ती गीत चालू असताना, त्याच्याच चालीत केलेली आहे.

‘युवर फीट्स टू बिग’ (१९३९) मध्ये साधन निराळे आहे. प्रेयसीच्या अवाढव्य पायांविषयीच्या या गाण्यात वॉलर एकाएकी पायांसाठी शारीरशास्त्राच्या ग्रंथात शोभावा असा लॅटिनोद्भव भारदस्त शब्दप्रयोग करतो. शेवटी तो एक तत्त्वज्ञाचा उद्गार काढतो. त्याचे सर्वनाम सुशिक्षितांच्या बोलीतील आहे, तर क्रियापद व्याकरणदृष्ट्या जाणूनबुजून चुकविलेले. दोन सामाजिक बोली एका वाक्यात अशा समोरासमोर येतात. ज्या समाजात ‘शुद्ध’ इंग्रजी हे प्रतिष्ठेचे व बहिष्काराचेही साधन होते, तेथे कृष्णवर्णीय गायकाने दोन्ही बोलींवरील आपले प्रभुत्व असे दाखविणे हा निव्वळ विदूषकीपणा मानता येत नाही.

हीच वृत्ती त्याच्या पियानोवादनात आढळते. जेम्स पी. जॉन्सनकडून त्याने आत्मसात केलेल्या स्ट्राइड शैलीत डावा हात खर्जातील स्वर व वरचा स्वरसंघ यांच्यामध्ये नियमित पावले टाकीत राहतो. उजवा हात मात्र चाल कधी पुढे ओढतो, कधी मागे रेंगाळवतो. डावा हात दंडक सांगतो आणि उजवा त्यापासून ढळतो. दंडक ढळला नाही म्हणूनच ढळणे अर्थपूर्ण होते. कंठातील वक्रोक्ती व बोटांतील लयविलास या एकाच प्रवृत्तीच्या दोन बाजू आहेत. त्यामुळे वादक व विदूषक असे दोन वॉलर कल्पिण्याची आवश्यकता राहत नाही.

याची कसोटी म्हणून ‘आय’म गॉना सिट राइट डाउन अँड राइट मायसेल्फ अ लेटर’ (१९३५) ऐकावे. प्रियेचे पत्र येत नाही म्हणून नायक स्वतःलाच पत्र लिहून ते तिचे मानणार आहे. येथे आत्मवंचना व तिची जाणीव शब्दांतच एकत्र नांदतात. वक्रता संहितेत आधीच आहे. वॉलरने हे गीत जवळजवळ सरळ, हलक्या आवाजात गाइले आहे, आणि पियानोही संयमाने वाजविला आहे. अर्थात थट्टा ही त्याची अनिवार खोड नव्हती. कोणते गीत थट्टेस पात्र आहे आणि कोणते नाही, हा विवेक त्याच्यापाशी होता.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वक्रोक्ती दुसऱ्याच्या उक्तीवर जगते. जेथे मूळ गीत चांगलेही नाही व पुरेसे वाईटही नाही, तेथे वॉलरचे मध्येच ओरडणे ही निव्वळ लकब होते. अशा तबकड्या थोड्या नाहीत. आणि जे त्याला स्वतःच्या नावे गंभीरपणे सांगावयाचे होते, त्यास या साच्यात जागा मिळाली नाही. १९३९ मध्ये लंडनला मुद्रित केलेल्या ‘लंडन सूट’सारख्या पियानोरचनांत ते शोधावे लागते. १९४३ च्या डिसेंबरात, रेल्वेच्या प्रवासात, वयाच्या ३९ व्या वर्षी तो निवर्तला. बाजाराने त्याच्याकडून कोणती किंमत वसूल केली, हा प्रश्न म्हणून उरतोच. परंतु ती किंमत मोजीत असता त्याने निर्माण केलेली कला हलकी ठरविण्याचा अधिकार त्यामुळे आपणास मिळत नाही.

भाषेच्या अभ्यासकास या ध्वनिमुद्रिका एक गोष्ट विशेषेकरून शिकवितात. छापील वाक्याचे पृथक्करण करून आपण अर्थ गाठला असे मानतो, तेव्हा त्या वाक्याला खोटे पाडू शकणारा आवाज आपल्या हिशेबातून सुटलेला असतो. वॉलरच्या गीतांचे शब्द केवळ कागदावर वाचणाऱ्यास तीच सामान्य गीते दिसतील, ज्यांना तो तीन मिनिटे हसत होता.