बालचरित्र आणि जाझचा नाद

मुलांसाठी लिहिलेल्या चरित्राचे रूढ वळण परिचित आहे: दारिद्र्य, परिश्रम, यश आणि अखेरीस बोध. चरित्रनायक जाझवादक असला म्हणजे हे वळण अपुरे पडते. कारण त्याचे कर्तृत्व नादात साठलेले असते आणि त्याचे आयुष्य पुष्कळदा बोधास सोयीचे नसते. दोन अमेरिकन पुस्तकांच्या तुलनेने हा प्रश्न स्पष्ट होईल.

कवी लँग्स्टन ह्यूज यांचे 'द फर्स्ट बुक ऑफ जाझ' (१९५५) हे पुस्तक न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर पैशांसाठी गाणाऱ्या लहानग्या लुई आर्मस्ट्राँगपासून आरंभ करते. त्या मुलाच्या मागोमाग श्रमगीते, ब्लूज व रॅगटाइम यांचा, म्हणजेच एका समाजाचा, इतिहास वाचकापर्यंत पोचतो. याउलट ख्रिस रॅश्का यांच्या 'चार्ली पार्कर प्लेड बी बॉप' (१९९२) या चित्रपुस्तकात जीवनवृत्तांत जवळजवळ नाहीच. मोजकी वाक्ये आणि निरर्थक शब्दांची आवर्तने मोठ्याने वाचली असता त्यांतून ताल उमटतो. पार्करचे व्यसन आणि १९५५ साली वयाच्या ३४व्या वर्षी आलेला मृत्यू यांविषयी पुस्तक मौन पाळते.

हे मौन दोषास्पद मानावे काय? आमच्या मते नाही. जे पुस्तक आयुष्य सांगण्याचा दावाच करीत नाही, त्याने सत्याचा अपलापही केलेला नसतो. खरा धोका आयुष्य सांगून ते गुळगुळीत करण्यात आहे. १९१२ सालच्या अखेरच्या रात्री अकरा वर्षांच्या आर्मस्ट्राँगने रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला; त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली आणि तेथे पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्यास कॉर्नेट शिकविले. या प्रसंगातून 'शिक्षेने कलावंत घडला' असा बोध काढणे सोपे आहे. पण मग सुधारगृहेसुद्धा वर्णानुसार वेगळी का होती, हा प्रश्न मुलाच्या मनात उद्भवतच नाही. त्याला घडविले ते एका शिक्षकाने, कोंडवाड्याने नव्हे.

तात्पर्य, नाद आणि काळ ही दोन्ही अंगे आवश्यक आहेत. ह्यूज यांना हे जाणवले असावे; त्यांनी याच विषयावर स्वतःच्या निवेदनासह ध्वनिमुद्रिकाही सिद्ध केली. मुलाने प्रथम ऐकावे, मग विचारावे. आणि विचारल्यावर त्यास खरे उत्तर मिळावे. बालचरित्राची कसोटी या शेवटच्या टप्प्यावरच लागते.